मोची ब्राउनी फसली! पीठ कुठलं घ्यायचं, आणि 'च्युई'ला मराठीत म्हणायचं काय?

चादरीची_घडी (बुधवार, रात्री १०:५०)
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आज जे झालंय त्यानंतर राहवेना म्हणून लिहितेय. मागे बंगळुरूला नणंदेकडे गेले होते तेव्हा एका कॅफेत मोची ब्राउनी खाल्ली (मोची म्हणजे चिकट तांदळाचा जपानी पदार्थ). दिसायला साधी ब्राउनी, वर तशीच पातळ चकचकीत साल, पण चावली की दात आत रुततात आणि तुकडा लगेच सुटत नाही, जरा ओढला जातो, मग सुटतो. लेकीने त्या दिवसापासून धोशा लावलाय. रविवारी तिचा वाढदिवस आहे, केक नको म्हणते, तीच ब्राउनी पाहिजे.

तर आज रंगीत तालीम केली. कुठल्याशा चिकट तांदळाचं पीठ लागतं हे वाचलं होतं, ते भावाला पुण्याहून आणायला सांगितलं, त्याने आणलं. प्रमाण असं घेतलं: पीठ २०० ग्रॅम, कोको ४०, साखर १५०, बेकिंग पावडर १ चमचा, चिमूट मीठ, अंडी २, दूध ३०० मिली, बटर ६० (बटर वितळवायला गॅस लागला नाही, जुळे सोलापुरातल्या एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवलं की झालं), डार्क चॉकलेट १२० ग्रॅम. ८ इंची चौकोनी टिन, १८० वर ४५ मिनिटं.

निघालं काय तर वर तडे, आत रवाळ, तोंडात पीठ पीठ. ओढ वगैरे काही नाही, सुरी लावली की सरळ तुकडा पडतोय. सासूबाई गच्चीवरून कुरडयांचे गहू बघून खाली आल्या, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चॉकलेटच्या पाटवड्या केल्यास होय? कोथिंबीर राहिली की गं वर."

तर प्रश्न तीन. चुकलं कुठे? सोलापुरात हे पीठ कुणाला मिळालंय का? आणि तिसरा जरा फालतू आहे पण डोक्यातून जाईना, या 'च्युई'ला आपल्याकडे शब्द काय? वातड म्हटलं तर शिवी वाटते, चिवट म्हटलं तर सरकारी नोकर वाटतो.

कडक_भाकरी (बुधवार, रात्री ११:०५)
सोलापुरात राहून वातड खायची हौस लागलीय काय वो ताई? इथं भाकरी मोडताना वाजली तर ती भाकरी. त्या पाटवड्यांवर शेंगाचटणी टाका, वर जरा दही, वाढदिवस साजरा.

मनुका (बुधवार, रात्री ११:२०)
@चादरीची_घडी, चुका साधारण तीन ठिकाणी होतात, तुझी कुठली ते सांग. १) गरम असताना कापलीस का? मोचीच्या गोष्टी गरम असताना कापल्या की लगदा होतो, पूर्ण गार व्हायला तीन-चार तास लागतात, मगच आतली ओढ तयार होते. २) फ्रीजमध्ये ठेवलीस का? फ्रीजमध्ये मोची दगड होते. ३) दूध कमी पडलं का? हे पीठ पाणी फार पितं, मिश्रण धिरड्याच्या पिठाइतकं पातळ असायला हवं, बघून भीती वाटेल इतकं. अर्थात तुझं प्रमाण मला तर बरोबर वाटतंय.

ओटीजी_आजोबा (गुरुवार, पहाटे ५:४०)
ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नये. माझ्या ओटीजीत मी दीडशे रुपयांचा थर्मामीटर टांगला तेव्हा कळलं, बटण १८० वर आणि आत जेमतेम १५५. नऊ वर्षं मी पाककृती लिहिणाऱ्यांना नावं ठेवत होतो. कमी तापमानात पीठ कच्चट राहतं. टिन मधल्या जाळीवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, आणि १५ मिनिटं आधी तापवणे. हे करून बघा.

तिखटजाळ (गुरुवार, सकाळी ८:१५)
मैद्यात करून बघा ना, कशाला ते परदेशी पीठ. मैदा जास्त फेटला की आपोआप वातड होतो, माझा दर वेळचा केक साक्षीला आहे 😂

मनुका (गुरुवार, सकाळी ८:४०)
@तिखटजाळ, तो वातडपणा वेगळा ग, तो ग्लुटेनचा (गव्हातलं चिवट प्रथिन), पावासारखा. हा स्टार्चचा. म्हणून तर या पिठाचं एक सुख आहे, कितीही फेटा, काही बिघडत नाही.

शून्य_ग्लुटेन (गुरुवार, सकाळी ९:१०)
इथे थोडं थांबवते कारण या नावाने मागे माझा घोळ झालेला. पाकिटावर इंग्रजीत 'ग्लुटिनस राइस' लिहिलेलं असतं आणि माझ्या मुलाला सीलिअॅक (ग्लुटेन न चालण्याचा आजार) आहे, तर मी दोन वर्षं ते पाकीट बघून परत ठेवत होते. ग्लुटिनस म्हणजे नुसतं गोंदासारखं चिकट. ग्लुटेन त्यात अजिबात नसतं, तांदूळच तो शेवटी. फक्त पाकिटावर बाकी काय लिहिलंय ते बघायचं, त्याच कारखान्यात गहूही दळतात का वगैरे. आणि बेकिंग पावडर, कोको यांचंही तसंच. (हिंगात मैदा असतो हे कळलं तेव्हा तर मी स्वयंपाकघरातच बसले होते.)

चादरीची_घडी (गुरुवार, सकाळी ९:४५)
सगळ्यांना धन्यवाद. @मनुका, गरम कापली नाही, रात्री आठला काढली, दहाला कापली, कोमट असेल फार तर. फ्रीजमध्ये ठेवलीच नाही, फ्रीजमध्ये आमरसाचे डबे आणि कुरडयांच्या गव्हाचं पातेलं, जागा कुठंय. मिश्रण पातळच होतं. @आजोबा, ओव्हन नवा आहे, त्यात नानकटाई व्यवस्थित होते.

हुरडा (गुरुवार, सकाळी १०:३०)
ताई मोदकाच्या पिठात करा, आंबेमोहोर चिकटच असतो. किंवा इंद्रायणी. इंद्रायणीचा भात तर भांड्याला सोडत नाही.

प्रयोगशाळा_बाई (गुरुवार, दुपारी १२:२०)
शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, त्यामुळे जरा लांबण लावणार, कंटाळा आला तर खाली जा.

हुरडा म्हणतोय तो चिकटपणा आणि हा चिकटपणा यात फरक आहे. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज म्हणजे सरळ लांब दोरा, अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेली बोरीबाभळ. आपल्या रोजच्या मोकळ्या भाताच्या तांदळात साधारण पाव हिस्सा अमायलोज असतं. मऊ, चिकट होणाऱ्या जातींत त्याहून कमी, पण असतं. आणि मोचीचा जो तांदूळ, त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच, सगळी बोरीबाभळच. शिजल्यावर गार होताना अमायलोजचे सरळ दोरे पटकन एकमेकांना लागून बसतात आणि पदार्थ घट्ट, कापता येईल असा होतो, तुमच्या पाटवड्या तशाच. बाभळीच्या फांद्या तशा रचून बसू शकत नाहीत, त्या एकमेकींत अडकून राहतात, म्हणून ती ओढ.

दाणा बघूनही ओळखता येतो. साधा तांदूळ उजेडात धरला तर काचेसारखा थोडा पारदर्शक, हा मात्र खडूसारखा पांढराशुभ्र. पण तुमच्याकडे पीठ आहे, म्हणून दुसरी युक्ती. घरात जखमेवर लावायचं आयोडीन आहे का? चिमूटभर पीठ चार चमचे पाण्यात शिजवा, पूर्ण गार होऊ द्या (गरम असताना रंग दिसत नाही, मुलं दर वर्षी हीच घाई करायची), मग पाण्यात पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब. साधा तांदूळ असेल तर काळानिळा. खरा मोचीचा असेल तर तांबूस तपकिरी. शेजारी घरच्या तांदळाच्या पिठाचाही नमुना ठेवा म्हणजे ताडून बघता येईल. आणि झाल्यावर फेकून द्या, वाटी साबणाने धुवा.

कडक_भाकरी (गुरुवार, दुपारी १२:३५)
बाई, दहावीला तुम्ही असता तर मी पास झालो असतो बे. चुकलो, बाईंना बे म्हणालो. माफी.

प्रयोगशाळा_बाई (गुरुवार, दुपारी १२:४०)
सोलापुरात नोकरी केली आहे, बे ऐकून ऐकून कान तयार झालेत. बस खाली.

अशोकचौक_लोकल (गुरुवार, दुपारी २:०५)
वातड आपल्याला आवडत नाही हे कुणी सांगितलं? आमच्या पद्मशाली घरात संक्रांतीला अरिसे होतात. तांदूळ भिजवायचे, निथळून ओलसर असतानाच कुटायचे, गुळाच्या पाकात ते पीठ हाटायचं, थापून तळायचं आणि दोन पळ्यांमध्ये दाबून तेल काढायचं. पहिल्या दिवशी कडेने कुरकुरीत, तिसऱ्या दिवशी असे मस्त चिवट होतात की आमच्या आजीच्या तोंडात एक अरिसे अख्खी गड्ड्याची यात्रा (सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा) टिकायचं. तुमच्याकडचा अनरसा याचाच चुलत भाऊ, फक्त जाळी पडायच्या नादात तुम्ही त्याला खुसखुशीत केला.

हुरडा (गुरुवार, दुपारी २:२०)
अरिसे! शेजारच्या काकू द्यायच्या गड्ड्यात. पण ते तर साध्या तांदळाचे ना? मग ते चिवट कसे काय बाई?

प्रयोगशाळा_बाई (गुरुवार, दुपारी ३:००)
ती करामत गुळाची. पाक ओलावा धरून ठेवतो, पीठ कोरडं पडू देत नाही. चिवट व्हायचे रस्ते अनेक आहेत. माहीम हलव्यात वेगळा, अरिशात वेगळा.

चादरीची_घडी (गुरुवार, संध्याकाळी ६:५०)
मंडळी, निकाल लागला. आयोडीन शेजारून आणलं, त्यांच्या मुलाच्या गुडघ्यासाठी होतं. दोन वाट्या केल्या, एकीत पाकिटातलं पीठ, दुसरीत घरचं. लेक घड्याळ लावून बसली होती. थेंब टाकला आणि दोन्ही वाट्या शाईसारख्या निळ्या! दोन्ही!! सासूबाई म्हणाल्या, "आता हे काय, शाईचा रस्सा?"

मग पाकीट नीट बघितलं. थायलंडचं आहे, वर हत्तीचं चित्र, अक्षरं लाल. ऑनलाइन शोधलं तर त्याच कंपनीचं, त्याच हत्तीचं दुसरं पाकीट हिरव्या अक्षरांचं असतं, ते चिकट तांदळाचं. लाल म्हणजे साधं तांदळाचं पीठ. भावाला फोन केला तर म्हणतो, "तू तांदळाचं पीठ म्हणालीस, मी तांदळाचं पीठ आणलं, त्यात हत्तीपण होता." म्हणजे थायलंडहून पुण्याला आणि पुण्याहून सोलापूरला आलेल्या साध्या तांदळाच्या पिठाच्या मी पाटवड्या केल्या, पिठाची गिरणी घरापासून तीन मिनिटांवर आहे.

कडक_भाकरी (गुरुवार, संध्याकाळी ६:५५)
भावाची बाजू घेतो. त्याला हत्ती सांगितला होता का, अक्षरांचा रंग सांगितला होता का? नाही ना. मग.

तिखटजाळ (गुरुवार, संध्याकाळी ७:१०)
आता रविवारपर्यंत काय? मी मागे तुटवड्यात साबुदाणा मिक्सरमधून काढून चाळून घेतला होता, अर्धा तांदळाचं पीठ अर्धा साबुदाणा. ब्राउनी खरंच ओढली जात होती. ज्यांना पीठ मिळत नाही त्यांनी करून बघा.

मनुका (गुरुवार, संध्याकाळी ७:३०)
साबुदाण्याला माझा पूर्ण विरोध नाही पण दुसऱ्या दिवशीचं सांग ना. मी केलंय ते, गरम असताना छान, सकाळी रबर. टिफिनमध्ये दिलेला तुकडा नवऱ्याने खोडरबर म्हणून परत आणला होता. पाव हिस्सा साबुदाणा घालायला हरकत नाही, अर्धा फार होतो.

तिखटजाळ (गुरुवार, संध्याकाळी ७:३५)
आमच्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत उरलीच नाही, त्यामुळे माहीत नाही 🤷‍♀️ आणि साबुदाणा म्हणजे उपासाला पण चालली असती.

कडक_भाकरी (गुरुवार, संध्याकाळी ७:४०)
त्यात दोन अंडी आहेत. पंढरपूर इथून सव्वा तासावर आहे, जरा तरी भीड ठेवा.

ईशान्येचा_पाहुणा (गुरुवार, रात्री ९:१५)
मूळचा बार्शीचा, सध्या नोकरीने जोरहाटला. तुम्ही थायलंड, पुणे करताय आणि हा तांदूळ आपल्याच देशात ढिगाने पिकतो. आसाममध्ये याला बोरा साउल म्हणतात. बिहूला याचेच पिठे करतात, तव्यावर पिठाचा पातळ थर, आत तीळ-गूळ, गुंडाळी. नाश्त्याला हाच तांदूळ शिजवून दही-गुळाबरोबर. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा वाटलं भात बिघडला. आता सुट्टीला घरी येताना पाच किलो घेऊन येतो, आई त्याची खीर करते. मणिपूरचा काळा चाक-हाओही चिकटच, त्याला २०२० मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. त्याची खीर जांभळी होते, ब्राउनीत तर रंगाचा प्रश्नच नाही.

हुरडा (गुरुवार, रात्री ९:५०)
@ईशान्येचा_पाहुणा, बोरा तांदूळ माझ्याकडे आलेला आहे! मेव्हणा सैन्यात, तिकडून आणला होता. बायको म्हणाली दळून आण, घावन करू. गिरणीत गेलो तर गिरणीवाला मूठभर हातात घेऊन बघतो, दोन दाणे चावतो, म्हणतो "काका ह्यो तांदूळ कसला, खडू हाय काय?" (बाई, तुमचा खडू!). मग नेहमीचा प्रश्न, "कशावर टाकू, ज्वारीवर का गव्हावर?" मी म्हटलं तांदळावर टाक. म्हणतो तांदळाचा वार मंगळवार. तर ज्वारीवर टाकला. पीठ जरा करडं आलं, घावन तव्याला असा बसला की तवा आणि घावन एकच झाले. बायकोने दोन्ही भिजत घातले.

शून्य_ग्लुटेन (गुरुवार, रात्री १०:०५)
ज्वारीवर टाकलंत ते नकळत बरं केलंत, ज्वारीत ग्लुटेन नाही. गव्हावर दळलं असतं तर माझ्या मुलासारख्यांना ते पीठ चाललंच नसतं. आम्ही घरी छोटी गिरणी घेतली ती याचसाठी.

ईशान्येचा_पाहुणा (गुरुवार, रात्री १०:२०)
हुरडा काका, कोरडा दळायचाच नाही. इथे बायका आधी भिजवतात, निथळून कापडावर पसरतात आणि दमट असतानाच कुटतात, अरिशासारखंच. पीठ रेशमासारखं येतं. आणि तव्यावर पातळ मिश्रण ओतत नाहीत, दमट पीठच भुरभुरवतात.

मनुका (गुरुवार, रात्री १०:३०)
@चादरीची_घडी, ऐक. मी उद्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला माहेरी येतेय, शनिवारी आईकडे कार्यक्रम आहे. माझ्याकडे हिरव्या अक्षरांची दोन पाकिटं पडून आहेत. एक आणते. शनिवारी सकाळी सात रस्त्याला येशील का? व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

चादरीची_घडी (गुरुवार, रात्री १०:३३)
अगं!! येते, धावत येते. तुला काय आणू, शेंगाचटणी? कडक भाकरी? (सदस्य नाही, खरी.)

मनुका (गुरुवार, रात्री १०:३८)
दोन्ही आण, सदस्य नको.

आता कृतीत दोन बदल लिहून घे, तुझ्या प्रमाणाला मी बाकी हात लावत नाही. आधी पीठ, कोको, साखर, मीठ, बेकिंग पावडर कोरडंच एकत्र कर आणि त्यात गार दूध घालून गुठळ्या मोडून घे, अंडी त्यातच. चॉकलेट-बटर वितळवलेलं कोमट झाल्यावर सगळ्यात शेवटी. गरम चॉकलेट थेट पिठावर ओतलंस तर पीठ तिथल्या तिथे शिजतं आणि गुठळ्या होतात, चाळणीने गाळत बसायला लागतं, मी बसलेय. दुसरं, ओतायच्या आधी पुन्हा एकदा तळापासून ढवळ, पीठ खाली बसतं. टूथपिकच्या भरवशावर राहू नकोस, ती शेवटपर्यंत थोडी चिकटच येते. कडा टिनपासून सुटायला लागल्या, मधला भाग बोटाने दाबला की हलकेच वर येतो, झालं.

सिद्धेश्वरी (शुक्रवार, सकाळी ७:५०)
आमच्या घरात अंडं चालत नाही, बिनअंड्याची होईल का? आणि ओव्हनही नाही, कुकर आहे.

मनुका (शुक्रवार, सकाळी ८:३०)
@सिद्धेश्वरी, हा एक पदार्थ असा आहे की अंड्यावाचून काही अडत नाही, पीठच सगळं धरून ठेवतं. दोन अंड्यांऐवजी अर्धी वाटी दही घाल, दुधाऐवजी नारळाचं दूध घेतलंस तर अजून छान, हवाईत बटर मोची करतात ती नारळाच्या दुधातलीच असते. वरची साल तेवढी चकचकीत येणार नाही.

ओटीजी_आजोबा (शुक्रवार, सकाळी ९:००)
कुकरचं मी सांगतो, ओव्हन घ्यायच्या आधी बारा वर्षं कुकरच होता. शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायची. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, वर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचा, मग टिन आत, आच बारीक. पाऊण तासाच्या आत झाकण उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. ते मीठ नंतर भाजीत टाकू नका, बरणीत वेगळं ठेवा, पुढच्या वेळी तेच वापरा. आमच्या सौ.नी एकदा टाकलं होतं. जाऊ द्या.

तिखटजाळ (शुक्रवार, सकाळी ९:२०)
अहो आजोबा, अर्धवट सांगून जाऊ नका, काय झालं भाजीचं?

ओटीजी_आजोबा (शुक्रवार, सकाळी ९:४५)
वांग्याच्या भाजीला व्हॅनिलाचा वास आला. मी कौतुक केलं. चूक माझीच.

प्रयोगशाळा_बाई (शुक्रवार, दुपारी १२:१०)
एक गंभीर सूचना, मग पुन्हा थट्टा करा. @चादरीची_घडी, सासूबाईंना कवळी आहे का? असो वा नसो, मोठ्यांना आणि लहान मुलांना बारीक तुकडे करून द्या आणि सावकाश खायला सांगा. जपानमध्ये नवीन वर्षाच्या सुमारास मोची खाताना वयस्कर लोक गुदमरतात, तिथलं अग्निशमन दल दर वर्षी लोकांना सावध करतं. ती नुसत्या कुटलेल्या भाताची मोची, ब्राउनी तेवढी चिकट नाही, तरी काळजी घेतलेली बरी.

आणि उरलेली फ्रीजमध्ये का ठेवायची नाही ते: शिळा भात फ्रीजमध्ये कडक होतो तेच कारण. बाभळीच्या फांद्यासुद्धा गारठ्यात हळूहळू आखडून बसतात. साखर-बटर त्याला थोडं लांबवतं. सोलापूरच्या उन्हात बाहेर मात्र एक दिवसच ठेवा, अंडं-दूध आहे. उरलं तर डब्यात घालून सरळ डीप फ्रीजरला, आणि खाताना मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद, फांद्या पुन्हा सैल.

कडक_भाकरी (शुक्रवार, दुपारी १:३०)
सैल फांद्या, आखडलेल्या फांद्या. बाई आमच्या साहेबांचं वर्णन करूलालाव वाटतं.

अशोकचौक_लोकल (शुक्रवार, दुपारी २:००)
शब्दाचं काय झालं पण? तिसरा प्रश्न कुणी घेतलाच नाही. माझी मतं: वातड म्हणजे सादळलेला पापड. चामट म्हणजे शिळी पोळी. चिवट जवळ जातं पण त्याने तोंडाला पाणी सुटत नाही.

हुरडा (शुक्रवार, दुपारी २:१५)
ओढाळ ब्राउनी म्हणा.

अशोकचौक_लोकल (शुक्रवार, दुपारी २:२०)
काका, ओढाळ म्हणजे दुसऱ्याच्या रानात शिरणारं ढोर.

हुरडा (शुक्रवार, दुपारी २:२१)
मग? रात्री दीडला फ्रीज उघडायला लावते ती ओढाळच की.

चादरीची_घडी (रविवार, रात्री ११:३०)
उशीर झाला, घर आवरत होते. सगळं सांगते.

शनिवारी @मनुकाला सात रस्त्याला भेटले, पाकीट घेतलं, घरी येऊन आधी आयोडीनचा थेंब! तांबूस तपकिरी, बाई, अगदी चिंचेच्या कोळासारखा. लेकीने टाळ्या वाजवल्या, ब्राउनीच्या आधीच. मिश्रण खरंच इतकं पातळ की नवरा म्हणाला, हे प्यायचंय का. थर्मामीटर नव्हता म्हणून आजोबांचं ऐकून २० मिनिटं आधी तापवला आणि ५० मिनिटं ठेवली. रात्रभर ओट्यावर जाळी झाकून. सकाळी धातूच्या सुरीला चिकटायला लागली तेव्हा वाढदिवसाच्या केकबरोबर येते ती प्लास्टिकची सुरी सापडली ड्रॉवरमध्ये, तिने लोण्यासारखी कापली गेली, का ते बाईंनी सांगावं. सोळा तुकडे. कडेच्या तुकड्यांवरून मुलांची मारामारी, कारण कडेला कुरकुरीत आणि आत ती ओढ, दोन्ही मिळतं.

आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरातच होतं. काल पहाटे कुरडया झाल्या गच्चीवर, त्यामुळे सासूबाईंच्या तोंडात ती चव ताजी. मी बाईंच्या सांगण्यावरून नखाएवढा तुकडा दिला, त्यांनी बराच वेळ घोळवला, सगळे बघतायत, मग म्हणाल्या, "अगं हा तर चीक. गरम चिकात गूळ-तूप घालून खातो ना, तस्सा. आधी सांगायचं की, दोन किलो गहू भिजवले होते." आणि स्वतःच्या हाताने अजून एक घेतला, मोठा.

भाऊ पण आला होता. दोन तुकडे खाऊन झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणतो, "बघ, पीठ बरोबरच आणलं होतं मी."

कडक_भाकरी (रविवार, रात्री ११:४१)
चिकाची ब्राउनी. मंजूर. भावाला एक हिरवा हत्ती भेट द्या.

नवा_सदस्य_७७ (सोमवार, सकाळी ६:१०)
छान माहिती. यात मोदकाचं पीठ चालेल का?

हुरडा (सोमवार, सकाळी ६:१२)
चालेल. पाटवड्या होतील. कोथिंबीर विसरू नका.